बाहीचा कागद

थोरली : बाकीचं मला नको सांगूस. हा मधला कागद सुटतो की नाही, एवढंच सांग.

धाकटी : ताई, आधी बस तरी. भर दुपारी दुकान टाकून आलीस, गळ्यात टेप तशीच लोंबतेय. रस्त्यात लोक हसले असतील.

थोरली : हसू देत. सुटतो का?

धाकटी : नाही सुटत. ॲक्रिलिक आहे गं हे, पाकिटावरचं तिकीट नाही वाफेवर धरून काढायला. खाली प्लाय, त्यावर डिंकासारखं मीडियम, त्यावर कागद, कागदावर परत मीडियम, आणि वर रंगाचे सात-आठ हात. वाळलं की सगळं मिळून एकच कातडं होतं.

थोरली : कातडं. बरा शब्द सापडला तुला.

धाकटी : काय झालंय? फोनवर नुसतं ‘येते’ म्हणालीस. तासाभरात माझा गाडीवाला येईल, सहा चित्रं न्यायला. परवा प्रदर्शन उघडतंय.

थोरली : म्हणून तर धावत आले. हे तुझं कार्ड. सकाळी पोचलं. दुकानात दोन बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर उघडलं मी, मोठ्या मिजाशीत. माझ्या धाकटीचं प्रदर्शन आहे म्हटलं. आता हे मागचं तूच वाच.

धाकटी : मीच लिहिलंय. त्यात वाचायचं काय?

थोरली : मोठ्यानं वाच.

धाकटी : “न घेतलेलं माप. कागद, कापड आणि ॲक्रिलिक, प्लायवर. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. आईचं कधीच घेतलं नाही. ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत गेली आणि त्यांना दिसलं नाही.”

थोरली : अण्णांना जाऊन अजून वर्ष झालं नाही.

धाकटी : ते असते तरी हेच लिहिलं असतं.

थोरली : काही लिहिलं नसतंस. ते समोर आले की तुझी जीभ टाळ्याला चिकटायची.

धाकटी : बरं, नसतं लिहिलं. पण त्यात खोटं काय आहे?

थोरली : सगळं.

धाकटी : ताई, मी नऊ वर्षांची होते, पण आंधळी नव्हते. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी अण्णांचं मशीन सुरू झालं होतं. मी दारात बसून ऐकत होते. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर लावत होते ते.

थोरली : वायदा होता त्या कोटाचा.

धाकटी : असेल. पण मला एवढंच कळत होतं की आपल्या घरात एका माणसाची नजर इतकी तयार आहे, की गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की ते खांदा सांगतात, छाती सांगतात, टेप नंतर लावतात. आणि त्याच घरात आई अकरा महिने झिजते, आणि ह्या माणसाला पत्ता नाही! मला पत्ता होता. वरून ती होती तशीच दिसायची. मिठी मारली की आत काहीच हाताला लागायचं नाही. ब्लाउजला मिठी मारल्यासारखं वाटायचं. अण्णांनी कधी मिठी मारली असती तर त्यांनाही कळलं असतं.

थोरली : वरून होती तशीच दिसायची, म्हणालीस.

धाकटी : हो.

थोरली : कशी काय दिसायची?

धाकटी : म्हणजे?

थोरली : अगं, दहा इंचांचा दंड सातावर आला बाईचा. ब्लाउज लोंबायला नको? गळा घसरायला नको? खुंटीवर टांगल्यासारखं दिसायला नको? तुला कधी दिसलं तसं?

धाकटी : नाही.

थोरली : का नाही दिसलं? चित्रकार ना तू? विचार कर की.

धाकटी : कोड्यात बोलू नकोस, ताई. वेळ नाहीये माझ्याकडे.

थोरली : दर महिन्याला ते आतून घेतले जात होते. सगळेच्या सगळे. जुनी टीप उसवायची, पाव इंच आत नवी टीप मारायची, आतलं जादा कापड कातरून टाकायचं, इस्त्री फिरवून परत कपाटात ठेवायचे. जसजशी ती बारीक होत गेली तसतसे ब्लाउज बारीक होत गेले. तिला कधी सैल झालेच नाहीत. म्हणून तिला कळलं नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही, नि तुलाही नुसतं बघून कळलं नाही.

धाकटी : कोण करत होतं हे?

थोरली : मापं अण्णांची. दुपारी तिचा डोळा लागला की ते आत जायचे. टेप न्यायचे नाहीत, तिचा आवाज होतो, थंडही लागते. साधा कच्चा दोरा न्यायचे. दंडाभोवती एक वेढा, जिथं टोक भेटेल तिथं गाठ. बाहेर येऊन तो दोरा पट्टीवर ताणायचा नि आकडा लिहायचा. तिच्या बाहीच्या कटिंगच्या कागदावर, आतल्या बाजूला. शिंपी मापं नेहमी आतल्या बाजूलाच लिहितो. वरच्या बाजूला खडू फिरतो, पुसलं जातं.

धाकटी : आणि तो कागद म्हणजे…

थोरली : हा. तुझ्या चित्राच्या छातीवर बसलाय तो. कार्डावरच्या फोटोत कोपऱ्याचा इस्त्रीचा डाग पातळ रंगातून दिसला मला. तो डाग माझाच आहे, म्हणून ओळखला.

धाकटी : पण ते गाठोडं तूच दिलंस. “रद्दीत जायचेत, तुला लागत असतील तर ने,” असं म्हणाली होतीस.

थोरली : म्हणाले. अण्णांचा खण उघडला तेव्हा माझ्याच्यानं बघवेना. न बघता बांधलं नि तुझ्या हवाली केलं. चूक माझीच. वाटलं, तो कागद त्यांनी केव्हाच जाळला असेल. जपून ठेवला असेल असं कुणाला वाटणार?

धाकटी : मी बघितले होते पेन्सिलीचे आकडे. सगळ्याच कागदांवर असतात तसे. चष्मासुद्धा नव्हता डोळ्यांवर. मी फक्त कुठली बाजू रंग धरेल ते बघत होते. ही जरा खरखरीत लागली हाताला, म्हणून ही वर घेतली, आणि लिहिलेली बाजू खाली चिकटवली.

थोरली : तुझी काय चूक? तू तुझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलंस.

धाकटी : थांब. मला नीट सांग. अण्णांना ठाऊक होतं तर. कधीपासून?

थोरली : पहिल्या महिन्यापासून. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं. औषध नाही, फार तर वर्ष. आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाले.

धाकटी : आणि ह्यांनी ठरवलं!

थोरली : तेव्हा असंच करायचे लोक. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटी : मूठ कुणाची होती, ताई? मरण तिचं होतं ना? तिला विचारायला नको कुणी? मला वाटत होतं त्यांना दिसलंच नाही. ते परवडलं असतं गं. हे त्याहून वाईट आहे. सगळं बघितलं, मोजलं, लिहून ठेवलं, आणि तिच्यापासून लपवायला त्याच हातांनी…

थोरली : त्या हातांनी नाही.

धाकटी : काय?

थोरली : टीप त्यांनी नाही मारली. मी मारली.

धाकटी : तू?

थोरली : सतरा वर्षांची होते. नुकती मशीनवर बसायला लागले होते. अण्णांचा हात चालेना. पहिला ब्लाउज घेतला त्यांनी पुढ्यात आणि नुसते बघत बसले, सुई वर, पाय पायट्यावर. माणूस दिवसाला दोन कोट उतरवायचा, त्याला तेवढी एक टीप मारवेना. मग माझ्याकडे सरकवला. म्हणाले, इथून धर, पाव इंच, सरळ जा. मी गेले वाकडी. त्यांनी उसवून परत दिला. परत वाकडी. तीनदा. मी रडत होते, ते रागवत नव्हते. मला वाटतं तेवढी एकच वेळ ते रागवले नाहीत माझ्यावर.

धाकटी : अकरा महिने?

थोरली : अकरा महिने. तू अंगणात खेळत असायचीस.

धाकटी : आणि मला इतकी वर्षं एका शब्दानं…

थोरली : कुठल्या तोंडानं सांगू? आपल्या आईला मी फसवलं म्हणून? ती मला पुढल्या थंडीचं बोलायची. स्वतःच्या कोटाला कापड निवडून ठेवलं होतं तिनं, गडद हिरवं. मी ‘हो’ म्हणायचे. तिचं म्हणणं ऐकून घ्यायचे, आणि दुपारी तिचेच ब्लाउज घेऊन मशीनवर बसायचे. लोक म्हणतात, हिच्या हाताची टीप बघा, रेघ मारल्यासारखी. ती कुठं शिकले ते मला माहीत आहे. अजून कुणी ब्लाउज घट्ट करायला आणला की मी दुसरीकडे पाठवते. सांगते, आमच्याकडे ते होत नाही.

धाकटी : ताई…

थोरली : म्हणून सांगायला आले. अण्णांना बोल लावायचा तर लाव, पण खरा लाव. दिसलं नाही असं लिहू नकोस. एवढी एक ओळ बदल. चित्र जाऊ दे आहे तसं.

गाडीवाला : आत येऊ का? दार उघडंच होतं म्हणून विचारलं. सहा नग आहेत ना तुमचे?

धाकटी : या. तुम्ही लवकर आलात.

गाडीवाला : लवकर नाही, वेळेवर आलो. सगळे मला उशिराच धरून चालतात, म्हणून लवकर वाटतं. हे भिंतीला टेकलेले पाच बांधलेले दिसतात. हा सहावा उघडा कसा?

धाकटी : पाच खाली न्या आधी. ह्याचं सांगते.

गाडीवाला : ओला तर नाही ना? ओला असेल तर मी घेत नाही, आत्ताच सांगतो. मागं एका साहेबांचं असंच ओलं नेलं, कांबळं चिकटलं त्याला. साहेब ओरडले, मग कुणीतरी म्हणालं कांबळ्यानं उलट छानच दिसतंय. तसंच लावलं भिंतीवर. पण कांबळं माझं गेलं.

थोरली : वाळलेलं आहे. न्या तुम्ही. हेही न्या.

धाकटी : हे नको.

थोरली : अगं, एक ओळ तर बदलायचीय. कागदाची चिठ्ठी चिकटव नवी.

गाडीवाला : तुमचं ठरवा, बाई. मला चढ-उताराला वीस मिनिटं लागतील. घरात कुणी गेलंय का? तुमचे दोघींचे चेहरे तसे दिसतात.

थोरली : गेलंय. पण तीस वर्षं झाली.

गाडीवाला : मग बरोबर आहे. ते लवकर उतरत नाही. मी हे दोन घेऊन जातो आधी.

धाकटी : ताई, ती खिडकी उघड. आणि त्या फडताळात स्पिरिटची बाटली आहे, निळ्या झाकणाची, ती दे.

थोरली : कशाला?

धाकटी : स्पिरिटनं वरचे थर नरम पडतात. मग सुरीनं खरवडायचे. खाली कागद लागला की पॉलिश पेपरनं हलके घासायचं, वरचं मीडियम जाईपर्यंत. मग पाणी.

थोरली : मघाशी म्हणालीस सुटत नाही!

धाकटी : कागद सुटत नाही. पण कागद घालवता येतो. ओला करून बोटानं चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघून जातात. पेन्सिल जात नाही. खाली मीडियम ओलं होतं तेव्हा त्यात ती चिकटलेली असते. आम्ही मुद्दाम करतो असं, छापलेली चित्रं उतरवून घ्यायला. कागद गेला की अक्षर प्लायवर राहतं. फक्त उलटं दिसतं, आरशातल्यासारखं.

थोरली : आणि चित्र?

धाकटी : चित्राचं मधलं सगळं जाणार.

थोरली : वेड लागलंय का तुला? किती महिने लागले ह्याला?

धाकटी : पाच.

थोरली : पाच महिन्यांचं काम पाच मिनिटांत? मी असं सांगायला आले होते का? मला एक ओळ बदलून हवी होती. ठेव ती सुरी.

धाकटी : मला बघायचंय.

थोरली : बघायचं काय? मी सांगितलं ना! माझ्यावर विश्वास नाही?

धाकटी : तुझ्यावर आहे. तुला जेवढं ठाऊक आहे तेवढं तू सांगितलंस. पण त्यांचं अक्षर मला बघायचंय. अण्णांनी मला कधी चार ओळींचं पत्र लिहिलं नाही, ताई. जे काय लिहिलं ते असल्या कागदांवर, आणि त्यातलं एक मी स्वतःच्या हातानं तोंडघशी पाडून चिकटवलंय. वर उभं राहून म्हणतेय, ह्या माणसानं काही बघितलं नाही. हे मी परवा लोकांना कसं दाखवू? नवी चिठ्ठी लावून? सरक जरा, उजेड अडतोय.

थोरली : हळू. कोपऱ्यातून ये. मधून घुसू नकोस.

धाकटी : मला शिकवू नकोस.

थोरली : शिकवत नाही. उसवण्यातलं थोडं कळतं मला, म्हणून सांगते. नेहमी काठावरून सुरू करायचं.

(स्पिरिटचा वास. सुरीचा, मग पॉलिश पेपरचा आवाज.)

गाडीवाला : हे दोन… अरे बापरे. हे काय चाललंय? बिघडलं का?

धाकटी : बिघडलं नाही. उघडतोय आम्ही.

गाडीवाला : बरं. मी बघितलंच नाही असं समजा.

थोरली : कागद दिसायला लागला. हा बघ, डाग.

धाकटी : आता स्पंज. जास्त पाणी नको. थोडं मुरू दे. मग हे असं, बोटाच्या पेरानं, गोल गोल. नख लावायचं नाही. दोघी मिळून केलं तर लवकर होईल. तू वरून ये.

थोरली : माझी बोटं खरबरीत आहेत.

धाकटी : मग तर तू फार हलकं चोळ. हां. असंच. बघ, वळ्या येतायत.

थोरली : अगं… अगं, आलं. दहा. हे दहा आहे ना?

धाकटी : उलटं आहे. थांब, तो आरसा घेते. चित्राची चूक सापडत नसली की मी आरशातून बघते, म्हणून ठेवलाय. धर असा. दहा.

थोरली : तो पहिला महिना.

धाकटी : पावणेदहा. साडेनऊ. त्याच्या खाली नऊ.

थोरली : त्या महिन्यात एकदम अर्धा इंच गेली ती. आठवतं मला. अण्णांनी दोरा दोनदा मोजला होता. मला वाटलं चुकले.

धाकटी : पावणेनऊ. साडेआठ. इथं पेन्सिल फार दाबलीय, रेघ जाड उतरलीय. सव्वाआठ. अक्षर बघ, ताई. किती नेटकं. एकाखाली एक, जणू कुणा गिऱ्हाइकाचं लिहितायत.

थोरली : तसं लिहिलं नसतं तर लिहिताच आलं नसतं त्यांना.

धाकटी : मला तुझा राग यायला हवा. त्यांचा यायला हवा. येतोय पण. तुम्ही दोघांनी तिला विचारायला हवं होतं.

थोरली : हवं होतं.

धाकटी : पण त्यांना दिसलं नाही असं मला आता म्हणता येणार नाही. पाव पाव इंचाला दिसत होतं. हे घेऊन ते तिच्यासमोर जेवायला बसत होते, रोज.

थोरली : हे सव्वाआठच्या बाजूला काय आहे? पुसट आहे. आकडे नाहीत हे.

धाकटी : ओळी आहेत. थोडं पाणी दे. चोळू नकोस, मी करते. फार हलक्या हातानं लिहिलंय, निघून जाईल. आता आरसा धर. वर. अजून थोडा तिरका.

थोरली : काय लिहिलंय?

धाकटी : “अहो”…

थोरली : काय?

धाकटी : “अहो” असं आहे. पुढे वाचू का?

थोरली : हे अण्णांचं अक्षर नाही.

धाकटी : नाही. “अहो, बाहीत पाव इंच अजून घ्या, ओघळते. थोरलीची टीप आता सरळ येते. तिला सांगा.”

थोरली : परत.

धाकटी : “अहो, बाहीत पाव इंच अजून घ्या, ओघळते. थोरलीची टीप आता सरळ येते. तिला सांगा.”

थोरली : म्हणजे तिला ठाऊक होतं.

धाकटी : खण उघडून वाचलं असेल कधीतरी. आणि त्यांच्याच पेन्सिलीनं लिहून परत ठेवलं.

थोरली : खाली? त्याच्या खाली काय आहे? अण्णांनी काही लिहिलं का?

धाकटी : पुढचा आकडा. आठ. बाकी काही नाही.

थोरली : म्हणजे त्यांनी वाचलं. वाचून त्याखाली आकडा लिहिला. तिला कळलंय हे त्यांना कळलं, आणि पुढे दोघं एकमेकांशी… मला कुणी काही बोललं नाही गं. ती म्हणतेय, तिला सांगा. आणि त्यांनी सांगितलं नाही.

धाकटी : सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस ना, आईला कसं कळलं म्हणून. मग सगळंच उघडं पडलं असतं. तुला वाचवायला निघाले दोघं.

थोरली : मला कशाला वाचवायचं? मी तीस वर्षं त्यातच आहे.

धाकटी : रड. मी आहे इथं. आरसा दे माझ्याकडे, पडेल.

थोरली : हे पुसट होत चाललंय. अक्षर जातंय!

धाकटी : जात नाही. पाणी वाळलं की वर धुरकट होतं, म्हणून दिसत नाही. परत ओलं केलं की दिसतं. वर वार्निशचा एक हात दिला की कायमचं दिसेल.

थोरली : आज नको देऊस.

धाकटी : नाही देत. तू म्हणशील तेव्हा.

गाडीवाला : पाच चढले. सहाव्याचं काय करायचं? तिकडं माणूस थांबलाय माझ्यासाठी.

धाकटी : तुम्ही निघा. पाचच येतील. तिथल्या बाईंना सांगा, सहाव्याची भिंत रिकामी ठेवा, आणि कार्डं अजून वाटायची राहिली असतील तर वाटू नका. मी संध्याकाळी फोन करते.

गाडीवाला : सांगतो. भाडं तेवढंच बरं का, पाच काय नि सहा काय. येतो, ताई. पाणी प्या.

धाकटी : ताई, पाणी घे.

थोरली : सव्वाआठच्या बाजूला लिहिलंय ना तिनं?

धाकटी : हो.

थोरली : त्याच्या खाली किती आकडे आहेत? मोज.

धाकटी : आठ. पावणेआठ. साडेसात. शेवटी सात. चार.

थोरली : म्हणजे त्यानंतर चार वेळा मी ते उसवले नि घट्ट केले.

धाकटी : हो.

थोरली : चारही वेळा तिनं माझ्यासमोर कपाटातला ब्लाउज काढून घातला. म्हणायची, “अगदी अंगाबरोबर बसलाय गं.” आरशात बघायचीच नाही ती. माझ्याकडे बघून म्हणायची.